राठोडबाईंनी दाखवलेला थेंब

नातीचे डोळे खोल गेले होते आणि तिचं रडणंही थांबलं होतं. सकाळपासून जुलाब चालू होते. मी तिला वाटीने पाणी पाजत होते. तेवढ्यात राठोडबाई आत आल्या, वाटीत बोट बुडवलं आणि पाणी अंगणात फेकलं.

"काहून सांडलं? उकळलेलं हाय ते!" मी ओरडले.

"मंग एवढं गार कसं?"

"कढत कसं पाजू लेकराला? वरून रांजणातलं घातलं थोडं."

बाईंनी चुलीवरचं पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून निववलं, त्यात क्षारांची पुडी कालवली, ते पाणी चमच्याचमच्याने नातीला पाजलं आणि सुनेसोबत तिला जीपने कळमनुरीच्या दवाखान्यात धाडलं.

बाई डोंगरकड्याजवळच्या आमच्या गावात शाळेवर विज्ञान शिकवायच्या. राहायच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर. माणसं पाठीमागे त्यांना 'तांड्याची बाई' म्हणत. मीही म्हणायचे. कुणी वाद घातला की त्यांचं ठरलेलं होतं, "आधी बघा, मंग बोला." त्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ होती. शाळेतला सूक्ष्मदर्शक जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या स्कूटीवरून घरोघर फिरत होत्या.

तो त्यांनी आमच्या उंबऱ्यावर मांडला आणि आरसा उजेडाकडे वळवला. आधी पातेल्यातला थेंब ठेवला. काहीच हललं नाही. मग माझ्या वाटीच्या तळाचा. चपलेच्या तळव्यासारखं एक लांबट जनावर गिरक्या घेत पळालं, त्याच्यामागे दुसरं. मी डोळा काढून वाटीत पाहिलं. पाणी नितळ होतं.

"ह्यानंच जुलाब लागले?"

"न्हाई. ते जंतू याहून बारके, यात दिसत न्हाईत. पण हे जिथून आले तिथून तेबी येतात."

त्या खोटं बोलल्या असत्या तरी त्या दिवशी मी मानलं असतं.

"म्हंजी चूक माझीच."

"तुमचीच, मावशी. आता दारोदार सांगा. मी सांगितलं तर म्हणतील, तांड्याची बाई अक्कल शिकवून राहिली."

पाठीमागे आम्ही काय म्हणतो ते त्यांना माहीत होतं. मला ते बराबर लागलं.

तीन दिवस मी त्यांच्यासोबत फिरले. आधी मी माझी चूक सांगायची, मग त्या थेंब दाखवायच्या. जवळजवळ प्रत्येक घरात उकळलेल्या पाण्यात वरून गार पाणी घालत होते. एक माळकरी म्हातारा नळीला डोळा लावून बसला तो हबकलाच.

"माळ हाय माझ्या गळ्यात, अन् हे पोटात?"

"म्हणून उकळा, मामा."

"उकळलं तरी मेलेले जातीलच की!"

"मेलेले तकलीफ देत न्हाईत."

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. त्या संध्याकाळी त्याच्या घरी पातेलं परातीत निवत ठेवलेलं मी पाहिलं.

बाईंची बदली होऊन आता चार वर्षं झाली. तसं तोंडावर बोलणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या साथीत आमच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. लेकरं सगळी जगली. आमची नातही.