मार म्हणजे समुद्र

शब्द 'तो' की 'ती' यावरून एवढी माणसं दुखावणारा माणूस आमच्या मामांशिवाय गोंदिया जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. नवेगाव बांधला त्यांची धानाची शेती. पण बांधीत पाणी किती आहे यापेक्षा पाण्याला कोणत्या भाषेत काय म्हणतात याचीच त्यांना अधिक काळजी. गोंदियाच्या बाजारात दुकानदार "दही अच्छा है" म्हणाला, की हे सौदा सोडून विचारणार, "आमच्याकडं दही 'ते' असते, तुमच्याकडं 'तो' काऊन झाला?" एका मयतीला कोणीतरी हिंदीत "उनकी आत्मा" म्हणालं, तर मामा माझ्या कानाशी लागले, "मराठीत आत्मा पुरुष, हिंदीत बाई. जाणाऱ्यानं कोण होऊन जावं, सांग!" मामींनी डोळे वटारले तेव्हा गप्प झाले.

असा हा बोलका माणूस स्वतःच्या लेकीशी मात्र बोलेनासा झाला होता. माझी ही मामेबहीण नर्स होऊन आयर्लंडला गेली आणि तिथे एका स्पॅनिश मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मामांनी तिचं नाव टाकलं. नात झाली तरी फोन मामीच घेत. मामा ओसरीवर पाठ करून बसत. उठून मात्र जात नसत.

एका संध्याकाळी फोनवर नातीचा आवाज आला, "मार! मार!"

मामा पाठमोरेच ओरडले, "कायले मार-मार करून राहिली ते पोरगी? कोणाले मारतेस?"

पलीकडून लेक हळूच म्हणाली, "बाबा, तिच्या वडिलांच्या भाषेत मार म्हणजे समुद्र. समोर दिसतो आहे तिला."

मामींनी फोन पुढे केला. मामा वळले आणि इतक्या वर्षांत लेकीला पहिला प्रश्न विचारला, "तो की ती?"

"दोन्ही चालतं, बाबा. एरवी तो. पण दर्यावर्दी लोक 'ती' म्हणतात."

"बरोबर हाये. ज्याचं पोट तिच्यावर, तो तिले बाईच म्हणन."

"आणि इथल्या आयरिशमध्ये मार म्हणजे 'सारखा'. त्याच्यामागून येणाऱ्या नामाचं पहिलं अक्षर मऊ होतं, 'ब'चा 'व' होतो."

"मऊ?" मामा फोनजवळ सरकले. त्या दिवशी चहा दोनदा निवला. पुढे फ्रान्सच्या टोकाला ब्रेटन नावाची भाषा आहे आणि तिच्यात मार म्हणजे 'जर', हेही त्यांनी लेकीकडूनच काढून घेतलं. 'तू कशी आहेस?' हे मात्र त्यांना विचारता आलं नाही.

धान निघाल्यावर ती तिघं आली. मामांनी जावयाला नमस्कार केला, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे गावच्या तलावाच्या बांधावर गेलो. एवढं पाणी पाहून नात नाचायला लागली, "मार! मार!" जावई वाकून तिला समजावू लागला, की हा समुद्र नव्हे, तलाव.

मामांनी हात वर केला. "राहू द्या जी, जवाईबापू. तिले दिसून राहिला, तर हाये."

बहिणीने ते नवऱ्याला त्याच्या भाषेत सांगितलं.

निघायच्या दिवशी गोंदिया स्टेशनवर गाडी हलली तेव्हा ती दारातून म्हणाली, "बाबा, एकदा तिकडे या." मामांचे गुडघे गेलेले, छातीचं दुखणं जुनं, डॉक्टरांनी रायपूरलाही जायची मनाई केलेली. तिला हे सगळं ठाऊक होतं.

"येतो," मामा म्हणाले, आणि गाडी दिसेनाशी झाली तरी हात वर धरूनच उभे राहिले.