काकणाच्या पिल्लावरची सावली

फोटोत पिल्लाची चोच उघडी आहे. बघणारे म्हणतात, "भूक काय टिपलीय!" इतकी वर्षं मी नुसती मान हलवली. आता सांगतोच. ते भुकेलं नव्हतं, उन्हाने धापा टाकत होतं. आणि ते ऊन त्याच्यावर मी पाडलं होतं.

मी रोह्याचा, कंपनीत शिफ्ट करणारा. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन पेणच्या खाडीकडे जायचो. तिथे मिठागराच्या बांधाला लागून एका आंब्यावर समुद्री गरुडाचं घरटं होतं. तिकडे त्याला काकण म्हणतात. आंब्याखालच्या घरात मिठागरावर राबणारं एक जोडपं राही; मी त्यांना काका-मावशी म्हणायचो. त्यांनी मला कधी हटकलं नाही, उलट तांब्याभर पाणी द्यायचे. वर पिल्लू असेतो त्या झाडाची सुकी काटकीसुद्धा तोडायची नाही, हा त्यांचा नेम मला माहीत होता.

पण एक पानांनी भरलेली फांदी सारखी माझ्या आड येई. एका सकाळी दोघं कामावर गेलेली, पक्षी खाडीवर. मी कोयता घेऊन चढलो आणि ती छाटली. दुपारी हवा तो फोटो मिळाला. घरी मोठा करून पाहिला तेव्हा कळलं मी काय केलंय. तरी परत गेलो नाही. पिल्लू मेलं असणार, असं धरून बसलो. तिथे जाऊन ते ऐकायची छाती नव्हती.

यंदा गेलो. वडखळच्या पुढे दोनदा गाडी थांबवली. मावशी अंगणात वाल सोलत होत्या, काका खाटेवर.

"मावशी, ती फांदी मी तोडली होती."

"मग? वाऱ्यानं तुटली का कोयत्यानं, ता मना कळत नाय व्हय?" त्यांचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"पिल्लू..."

"उडाला की! महिन्याभरानं, सगळ्या गावाला शिव्या घालीत."

मी तिथेच ओट्यावर टेकलो. काकांनी सदरा वर केला. खांद्यामागे दोन पांढरे वण. मी फांदी तोडली त्याच संध्याकाळी ते नारळाच्या झावळ्या घेऊन चढले होते आणि घरट्यावर आडोसा बांधताना मादीने त्यांना फोडलं होतं.

"तुझ्यापायी खाल्ला मार," काका हसले. "आन् ही खालून सांगते, 'नीट बांधा, वाकडा झाला!'"

"वाकडाच व्हता," मावशी म्हणाल्या.

मी काकांच्या पायांना हात लावायला वाकलो, तर त्यांनी पाय वर ओढून घेतले.

"राहू दे, राहू दे. तुझ्यासाठी केला नाय. त्याची आय दिवसभर वरडत व्हती, माणसाला दोन घास गोड लागतात का?"

मावशींनी वालाचं सुपडं माझ्याकडे सरकवलं. मी सोलायला लागलो.