नणंदेचे चार टक्के

गणिताची परीक्षा देणारी माणसं पुष्कळ असतात, पण गणित जिवाला लावून घेणारी बाई अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच झाली, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. नणंद म्हणजे भावजयीचा पाणउतारा करायला देवानं फुरसतीत घडवलेली बाई, असा समज मी माहेरून आणला होता. हिनं माझा पाणउतारा कधी केला नाही. तिला वेळच नव्हता. शिरड शहापूरच्या सासरहून ती वसमतला आमच्याकडे परत आली तेव्हा तिचा डावा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. नवऱ्याचा हात चालतो याची कुणकुण आम्हाला होती, पण कुणकुण आणि प्लास्टर यांत फरक असतो. सासूबाई तिला उंबऱ्यात धरून रडायला लागल्या, तशी ही म्हणाली, "उजवा शाबूत हाय ना, आई. पन्नास टक्के नुकसान झालं, पन्नास टक्के वाचलं." सासूबाईंना टक्के कळत नव्हते, म्हणून त्या आणखी रडल्या.

त्या शाबूत हातानं तिनं सरकारी भरतीचा अभ्यास सुरू केला. कारकुनाची का होईना, नोकरी लागली की ती कुणाच्या दारात उभी राहणार नव्हती. नाही लागली, तर आज ना उद्या चार लोक येऊन तिला परत नेणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मराठी, सामान्य ज्ञान हे विषय तिला हातचा मळ. घोडं अडायचं गणितात. शाळेत तिला गणिताची इतकी भीती की पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायची. पण मोठेपणी तिनं त्याच गणिताला असं काही पकडलं, की मग आमच्या घरात गणिताशिवाय दुसरं काही उरलंच नाही.

तिच्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "समजा" या शब्दानं व्हायची. समजा, पोळ्या क्ष. समजा, भाऊ क्ष वाजता आला. शेजारच्या काकू कित्येक वर्षं पंचेचाळिशीच्याच होत्या आणि त्याबद्दल गल्लीत कुणाची तक्रार नव्हती. आमच्याकडच्या हळदीकुंकवात हिनं सहज विचारलं, "काकू, थोरली झाली तवा तुमी केवढ्या होता?" काकू लाजत म्हणाल्या, असेन विशीतली. थोरलीचं वय गल्लीला माहीत होतं, कारण तिची मुलगी कॉलेजात होती. "समजा काकूंचं वय क्ष," असं म्हणून हिनं हळदीकुंकवाची बोटं पुसायच्या आत समीकरण सोडवलं आणि भर बायकांत उत्तर जाहीर केलं. काकू त्या दिवशी वाण न घेता गेल्या आणि त्यानंतर आमच्याकडे विरजणालाही आल्या नाहीत.

पुस्तकातली माणसं तर तिच्या सोयऱ्यांतली झाली होती. अ एक काम दहा दिवसांत करतो, ब तेच पंधरा दिवसांत करतो, असं आलं की तिला बची काळजी वाटायची. "बिचारा आजारी असन, वहिनी," म्हणायची. हौदाच्या उदाहरणावर मात्र तिचा राग. दोन नळ हौद भरतात, तिसरा तोच हौद रिकामा करतो, तर हौद कधी भरेल? ती उदाहरण सोडवायची, उत्तर बरोबर आणायची, आणि मग पेन आपटून म्हणायची, "पर तिसरा नळ बंद काहून करत न्हाईत? सगळ्यायले दिसून राहिलं की गळून राहिलंय." मला दहावीला गणितात पस्तीस गुण, तेही बोर्डाच्या कृपेनं. मी काय सांगणार? मी म्हणायचे, पुस्तकात तसंच असतं.

माझ्या सासऱ्यांची पिठाची गिरणी आहे. प्लास्टर निघाल्यावर ती तिथं बसायला लागली आणि दळण घेऊन येणाऱ्या बायकांना घट समजावू लागली. दळताना थोडं पीठ जात्यात राहतं, थोडं उडतं, हे जगजाहीर आहे. पण ते टक्क्यांत सांगितलं की बाईमाणसाला फसवल्यासारखं वाटतं. एकदोघी दळण उचलून पलीकडच्या गिरणीत गेल्या. सासरे म्हणाले, "अगं, ते गिऱ्हाईक हाय का विद्यार्थी?" बोलले खरे, पण दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, की तेच तिचं पुस्तक उघडून बसायचे. ते एकेक उदाहरण मोठ्यानं वाचायचे, चारही पर्याय वाचायचे, आणि ही सूप हातात घेऊन गहू पाखडता पाखडता तोंडी उत्तर द्यायची. सासऱ्यांना त्यातलं काही कळत नसे. उत्तर बरोबर आलं की ते मिशीतल्या मिशीत असे हसायचे, जणू स्वतःच सोडवलं.

परीक्षा नांदेडला झाली, संगणकावर. ती आली ती नाचतच आली म्हणायला हरकत नाही. गणित सगळं सुटलं होतं. पण असल्या परीक्षा वेगवेगळ्या पाळ्यांत होतात. कुणाच्या वाट्याला सोपा पेपर येतो, कुणाच्या अवघड, म्हणून नंतर सगळ्यांचे गुण कसल्याशा सूत्रानं सारखे करतात. हिची पाळी सोपी ठरली. गुण उतरले आणि यादी तिच्या जरा वरच संपली. ती रडली नाही. त्या सूत्रात क्ष कुठं ठेवायचा हे शोधत बसली. पाटीवर मांडायची, पुसायची, पुन्हा मांडायची. "माझे काढले ते कुनाला देले, तेवढं कळलं की झालं," म्हणायची. आजवर तिला न सुटलेलं उदाहरण ते एवढंच.

निकालाची बातमी शिरड शहापूरला पोचायला कितीसा वेळ लागतो? महिना उलटायच्या आत सासरची मंडळी बैठकीला आली. नवरा खाली मान घालून बसला होता. बोलत होते त्याचे मामा, चांगले वजनदार गृहस्थ. "झालं ते झालं," ते म्हणाले. "पोरगं मधी बिघडलं व्हतं, आमी कुठं न्हाई म्हनून राहिलो? पर जेवढं बिघडलं तेवढं सुधारलं. हिशोब बराबर झाला." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या मागून, स्वयंपाकघराच्या दारातून, आवाज आला.

"मामा, बराबर न्हाई होत. समजा, शंभर व्हते. वीस टक्के उतरले, ऐंशी राहिले. आता वीस टक्के चढले तरी ते ऐंशीवर चढतात. सोळाच येतात. शहाण्णव व्हतात. चार टक्के कमीच राहतंय."

ती दारात डावं मनगट उजव्या हातानं धरून उभी होती. हाड जुळलं होतं, पण मनगट पुरतं वळत नव्हतं. पोळी लाटताना ती त्या हातानं पोळपाट नुसता दाबून धरायची. मामांनी बशीतला चहा संपवला आणि समजुतीनं म्हणाले, "चार टक्क्यानं काय व्हतंय, बाई? संसारात तेवढं चालतंच." मला त्या माणसाचा असा संताप आला की मी ट्रे आपटूनच खाली ठेवला. पण सगळ्या माना डोलल्या. सासऱ्यांची मान तेवढी डोलली नाही. ते एवढंच म्हणाले, की परीक्षेची जाहिरात आली तर तिला बसू द्यायचं. मामा हसून कबूल झाले. जाहिरात कुठं रोज येते?

अशी ती गेली. पुस्तक जाताना माझ्याकडे ठेवून गेली, कारण तिकडे पुस्तक दिसलं की तिच्या सासूचं डोकं दुखायचं. फोनवर बोलतानाही सासू जवळ बसलेली असते. म्हणून आम्ही दोघींनी एक युक्ती काढली. दुपारी मी फोन करायचा, सासऱ्यांसारखं उदाहरण वाचायचं, पर्याय वाचायचे आणि शेवटी विचारायचं, आज भाजी काय? पहिला पर्याय म्हणजे वांगी, दुसरा भेंडी, तिसरा दोडका, चौथा मेथी. तिची सासू शेजारणींना सांगते म्हणे, की भावजय फार मायेची, रोज भाजी विचारते. सुरुवातीला मी नुसती वाचत होते. मग उत्तर ताडून बघायला मलाही मांडावं लागलं, आणि पस्तीस गुणवाली मी भाजी निवडता निवडता शेकडेवारी शिकले. एकदा माझं आणि पुस्तकाचं उत्तर जुळलं, हिचं नाही. तिनं पुन्हा विचार केला आणि म्हणाली, "व्हय वहिनी, दोडकाच." त्या दिवशी मी जिलेबी आणवली.

किती दिवसांनी आता कुठं जाहिरात आली. सासऱ्यांनी पेपर आणून माझ्या पुढ्यात ठेवला आणि गिरणी उघडी टाकून तिथंच बसून राहिले. मी फोन लावला. बातमी सांगितली. पलीकडे ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, सासू जवळ असेल, म्हणून बोलत नाही. तिला हुरूप यावा म्हणून मी मुद्दाम तिचंच उदाहरण वाचलं. एका वस्तूची किंमत आधी वीस टक्के कमी केली, मग वीस टक्के वाढवली, तर मूळ किमतीत काय फरक पडला? पहिला पर्याय, काहीच फरक नाही. दुसरा, चार टक्के वाढ. तिसरा, दोन टक्के घट. चौथा, चार टक्के घट. आज भाजी काय?

पलीकडे भांडं घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"वांगी," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, मेथी ना? पुन्हा वाचते, नीट ऐक.

"नका वाचू, वहिनी. सासूबाई मळ्यात गेल्यात, मी एकलीच हाय. वांगीच." आणि पुन्हा भांडं घासायला लागली.

सासऱ्यांनी मला विचारलं, बरोबर आलं का? मी हो म्हटलं, आणि ते मिशीतल्या मिशीत हसले. फॉर्म भरायची मुदत अजून संपलेली नाही. मी रोज दुपारी फोन करते आणि दुसरं काही न वाचता तेच एक उदाहरण वाचते.