अंगठा हलला का?

ओतूरच्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात आईच्या गुडघ्यांसाठी मी तिला घेऊन दर मंगळवारी जायचो. शेजारच्या खाटेवर तो असायचा. बैलगाड्यांच्या शर्यतीत घाटाच्या, म्हणजे धावपट्टीच्या, टोकाला उभा राहून गाडा रेषेवर पोचताच निशाण टाकणारा हा माणूस उधळलेल्या बैलांखाली सापडला होता. मणक्याला मार बसून कमरेखालचं अंग गेलं होतं. सुयांनी आणि व्यायामाने थोडीफार मदत होईल, खात्री नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं.

पायांत सुया टोचल्या की तो डोळे मिटून जोर लावायचा. एकदा मला म्हणाला, "पावणं, अंगठा हलला का बघा. घरची समदी हललाच म्हणत्यात. तुमी परके, खरं सांगाल."

अंगठा हलला नव्हता. पण त्याच्या कपाळावरचा घाम मला बघवेना.

"हलला की," मी म्हणालो. तेव्हाच माझी जीभ झडायला हवी होती.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "मी घरच्या बैलांनाबी कदी खोटं निशाण टाकलं न्हाई, राव."

महिन्याभराने त्याचा अंगठा खरंच हलला. किंचितच, पण मी डोळ्यांनी पाहिला. मी ओरडलोच, "हलला! आईशप्पथ हलला!"

"व्हय, व्हय," तो छताकडे बघत म्हणाला आणि त्याने जोर लावायचं सोडून दिलं.