आईची चतुःसीमा

"पूर्वेस गाडीवाट. पश्चिमेस पाटचारी. दक्षिणेस नाला." डॉक्टरसाहेब मोठ्याने वाचत होते. मग चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय रे, तुझ्या आईच्या उत्तरेला काय आहे?"

केबिनमधले दोन शिकाऊ डॉक्टर हसले. दारातली नर्स हसली. मीही हसलो. सगळ्यांत जोरात मीच.

काचेपलीकडे आई होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डोळे उघडे.

कागद माझ्याच हातचा. कोर्टाबाहेर एका वकीलसाहेबांच्या टेबलाशी मी अठरा वर्षं टायपिंग केलं. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र. डोळे झाकून टाइप करतो, अशी माझी फुशारकी. खरोखरच झाकून करत होतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

आईला कागद का हवा होता, ते सांगतो. आमचा झेंडू आणि शेवंती मखमलाबादच्या अंगाला, दुसऱ्याच्या रानात, वाट्याने. आई चाळीस वर्षं फुलबाजारात पाटी घेऊन बसली. वडील गेले ते दवाखान्यात, घशात नळी असताना. नळी उपटू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात कॉटच्या दांडीला पट्टीने बांधले होते. अकरा दिवस. आईने त्या गाठी पाहिल्या. हार गुंफणारी बाई, तिला गाठीतलं कळतं. घरी आल्यावर म्हणाली, "जनावराचं दावं बी सैल असतं रे. माझे हात बांधू देऊ नको. नळी बी नको. मला बोलता नाय आलं तर तू बोल. तसा कागद कर."

मी म्हणालो, "कागद म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ."

सायखेड्याच्या एका बागायतदाराचं मुखत्यारपत्र कॉम्प्युटरवर उघडंच होतं. त्यात नावं बदलली. वर एक ओळ घातली, माझ्या औषधोपचाराचे सर्व निर्णय माझा मुलगा घेईल. खालची तीन पानं, त्याच्या जमिनीच्या चतुःसीमेसकट, तशीच राहिली. त्या पानांप्रमाणे मला आई विकायचा, गहाण ठेवायचा आणि भाडेपट्ट्याने द्यायचा अधिकार मिळाला. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह. नोटरीने शिक्का मारला. त्यांनीही वाचलं नाही. आई तीन अक्षरं जोडून सही करते. पेन टेकवायच्या आधी तिने विचारलं, "हातांचं लिव्हलंय ना?"

"सगळं आलं त्यात."

नव्हतं आलं. हे पाप माझं. ते कोणावर ढकलणार नाही.

ऐन थंडीत तिचा दम वाढला. ओठ निळे पडायला लागले तशी रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात आणली. डॉक्टरसाहेब म्हणाले, व्हेंटिलेटर लागेल. मी ऐटीत कागद पुढे केला. सुरुवातीला त्यांनी नीट विचारलं, "आपण काय करता? आई काय करतात? आडनाव?" आडनाव सांगितलं. तिथे 'आपण' संपलं. मग ते वाचन. मग तो हशा.

हसून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या हाताने माझ्या खिशात कोंबली. "आणि ऐक. माणसाची शुद्ध गेली की असलं मुखत्यारपत्र संपतं. लागतं तेव्हाच ते मेलेलं असतं. तुम्हा लोकांना कागदाची हौस फार. फुलं विका. औषधाचं आमच्यावर सोडा."

यातलं शुद्धीचं खरं होतं. तेच जास्त झोंबलं. अठरा वर्षं मुखत्यारपत्रं जन्माला घातली, ती मरतात कधी हे मला ठाऊक नव्हतं.

"साहेब, तिला नळी नकोय. आणि तिचे हात..."

"ती काय डॉक्टर आहे?" त्यांनी फॉर्म सरकवला. "इथे सही. इथे. आणि इथे. वाचत बसू नको."

न वाचता कागद केला म्हणून हसलेला माणूस मला न वाचता सही करायला सांगत होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी केली. तिन्ही ठिकाणी. वर "थँक्यू साहेब" म्हणालो.

चार दिवस. भेटायला पाच मिनिटं. यंत्र तिची छाती वर ढकलायचं आणि सोडून द्यायचं. हात दांडीला. घट्ट गाठी. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं हलायचं, दोऱ्यात फूल ओवताना हलतं तसं. मी गाठीला हात घातला. नर्स हळूच म्हणाली, "काका, सही तुमचीच आहे."

पाचव्या दिवशी नळी निघाली. आई वाचली. नातेवाईक म्हणाले, बघ, डॉक्टरांचंच बरोबर निघालं. मीही म्हणालो. तसं म्हटलं की झोप लागते.

घरी आणल्यावर आठवडाभर तिला आवाज नव्हता. मनगटं काळीनिळी. एका दुपारी घोगरं, फाटकं पहिलं वाक्य आलं. "तू हसत व्हता."

"कधी?"

"काचंतून दिसलं मला. मला वाटलं, काम झालं. लेक हसतोय म्हंजी सायबानं ऐकलं."

ती एवढंच बोलली. भिंतीकडे वळली.

कोणी हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून घ्यायचं, म्हणजे लागत नाही. शाळेत हेच केलं, कोर्टात हेच केलं. याला मी हुशारी समजत होतो. त्या हुशारीने आईचे हात बांधले.

कामावर गेलो. वकीलसाहेबांना सगळं ठाऊक होतं. आई यंत्रावर असताना मीच त्यांना फोनवर सांगितलं होतं, किस्सा म्हणून, रंगवून. माझी लायकी यावरून ओळखा. चार पक्षकार बसलेले, चहा आलेला. "ये, ये," साहेब म्हणाले. "यांना सांग रे तो पूर्वेस गाडीवाटवाला. आईच्या चतुःसीमेचा."

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं.

"नाही सांगणार."

"अरे, गंमत म्हणून..."

"माझ्या आईचे हात बांधले होते, साहेब. त्यात गंमत नाही."

चहा कोणी उचलेना. साहेबांनी फाइल उघडली, बंद केली. "फार शहाणा झालास. उद्यापासून दुसरं टेबल बघ."

बघितलं. लिंबाखाली, माझं स्वतःचं.

तिथे बसून पहिल्यांदा वाचलं. माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवू शकतो, बरं होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलायचं. दोन साक्षीदार, नोटरी, एक प्रत महापालिकेत. जादूचा कागद नाही तो. त्याच्यावरही डॉक्टरच बसून ठरवतात. पण माणसाची शुद्ध गेली तरी तो जिवंत राहतो.

कोरं पान घेतलं. जुनी फाइल उघडली नाही. आई बोलली, मी लिहिलं. पहिली ओळ तिची: माझे हात बांधू नये. तीनदा वाचून दाखवलं. साक्षीला पाटीशेजारच्या दोन बायका. नोटरी शिक्का उचलत होते. म्हणालो, आधी वाचा. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. मी खुर्ची ओढून बसलो. वाचलं त्यांनी.

आता पुन्हा तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागलीय. पायांवर सूज. तपासणारे म्हणतात, या खेपेला फुप्फुसात काही उरलेलं नाही. जवळचा दवाखाना तोच. काच तीच. पिशवी भरून दाराशी ठेवलीय, कागद सगळ्यांत वर.

काय होईल ते मला दिसतंय. चष्मा कपाळावर चढेल. फॉर्म पुढे सरकेल. घाई केली जाईल. फॉर्मची एकेक ओळ वाचल्याशिवाय माझी सही मिळणार नाही. तिचा कागद मी उभा राहून वाचणार आहे, काचेपलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आई माझ्या तोंडाकडे बघत असेल.

कोणी हसलं तर थांबेन. हसून झालं की पहिल्या ओळीपासून पुन्हा.