डाळिंबी सोफा आणि जांभळी वेल

धाकटीच्या घरात जे काही होतं ते थोरलीकडून आलेलं होतं. थोरलीने नवा फ्रिज घेतला, जुना धाकटीकडे आला. कपाट आलं, त्याचा एक दरवाजा पहिल्या दिवसापासून लागत नव्हता. मिक्सर आला, तो सुरू केला की शेजारच्यांना बोलणं थांबवून वाट बघावी लागे. आणि प्रत्येक वस्तूबरोबर थोरलीचं एक वाक्य फुकट यायचं: "टाकूनच देणार होते, मग म्हटलं, धाकटीला होईल." हे वाक्य ती चारचौघांत म्हणायची. दोघीच असताना म्हणण्यात काय मजा?

थोरली म्हणजे धाकटीची मोठी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, घरं एकाच उताराच्या रस्त्यावर. थोरलीचं वरच्या टोकाला, पुढे गच्ची, मोठी काचेची खिडकी. धाकटीचं खालच्या टोकाला, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि एक खिडकी, पण खिडकी पूर्वेची. थोरलीने तिच्यावर कधी दावा सांगितला नाही, एवढं नशीब.

धाकटी पडद्यांच्या दुकानात मागच्या खोलीत शिलाईला बसायची. पडदे, सोफ्यांची कव्हरं, उशांचे अभ्रे. कापड बोटांत धरलं की ते कुठे विरणार, पाण्यात किती आटणार, उन्हात किती टिकणार हे तिला कळायचं. "माणसांचं एवढं कळलं असतं तर लग्न ठरताना नवऱ्याऐवजी त्याच्या वहिनीला नीट पाहून घेतलं असतं," असं ती हसत सांगायची. हसायची, पण थट्टा नसायची.

त्या घरात एकच गोष्ट तिची स्वतःची होती. वेल. दुकानात इस्त्रीच्या टेबलाच्या वर एक जुनी कुंडी टांगलेली होती. शिडी सरकवताना तिच्यातल्या वेलीची एक फांदी मोडून पडली, ती धाकटीने अस्तराच्या ओल्या चिंधीत गुंडाळून घरी आणली आणि कान तुटलेल्या कपात पाणी घालून खिडकीत ठेवली. मुळं फुटली, मातीत गेली. तिची पानं म्हणजे रंगाऱ्याने हौसेने केलेलं काम: वर चंदेरी आणि हिरवे पट्टे, मधून जांभळी रेघ, आणि पान उलटलं की खाली ताज्या वांग्याचा रंग. बोट मातीत खुपसून बघायचं, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. कुंडी अधूनमधून फिरवायची, नाहीतर सगळी वेल खिडकीकडे मान वळवून बसते. आणि शेंडे खुडायचे. एक शेंडा खुडला की तिथून दोन फुटतात, आणि खुडलेला तुकडा त्याच कुंडीत खोचला की तोही लागतो. धाकटी निर्दयपणे खुडायची, म्हणून वेल बुडापासून टोकापर्यंत भरगच्च होती. हुकाला टांगलेली ती वेल खिडकीच्या कठड्यापर्यंत उतरली होती. येणारा-जाणारा आधी तिच्याकडे बघे आणि मग त्या न लागणाऱ्या कपाटाकडे.

मग धाकटीची आई न्हाणीघरात पडली, हाड मोडलं, आणि धाकटी तिच्या सेवेला गेली ती दोन-अडीच महिने. परतली, पिशवी खाली ठेवली, वर बघितलं. हूक रिकामा.

"वेल कुठाय?"

नवरा वर्तमानपत्रात होता. हा गृहस्थ स्वभावाने गरीब. त्याच्या तोंडातून 'नाही' हा शब्द आयुष्यात बाहेर पडला नव्हता, आणि त्याचं सगळं नुकसान धाकटीच्या वाट्याला यायचं.

"वहिनी आल्या होत्या. त्यांना आवडली. म्हणाल्या, नेते."

"आणि तू?"

"नाही कसं म्हणायचं? त्यांनी आपल्याला फ्रिज दिलाय."

 धाकटीने नवऱ्याची खुर्ची उचलली आणि रिकाम्या हुकाच्या बरोबर खाली नेऊन ठेवली. त्या दिवसापासून तो तिथेच बसायचा, आणि मान वर करायची त्याला भीती वाटायची.

दुसऱ्या दिवशी ती वरच्या टोकाला गेली. थोरलीच्या दिवाणखान्यात निळ्या चकचकीत कुंडीत, पितळी स्टँडवर, वेल. समोरच्या घरातली बाई कौतुकाने पानं उलटून बघत होती आणि थोरली तिला सांगत होती, "एका पानापासून वाढवली हो. हाताला गुण लागतो." मग धाकटी दिसली. "अगं, ये. आई कशी आहे? हे बघ, तुझ्या अंधाऱ्या खोलीत बिचारी कोमेजून गेली असती."

पूर्वेच्या खिडकीला अंधारी खोली म्हणणाऱ्या थोरलीच्या दिवाणखान्यात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. कारण तिथे सोफा होता. डाळिंबी मखमलीचा, तिघांचा एक आणि एकेकट्याचे दोन. मोठे दीर निवृत्त झाले तेव्हा घेतलेला, थोरलीच्या जिवाचा तुकडा. त्याचा रंग उतरू नये म्हणून त्या मोठ्या खिडकीला दुहेरी अस्तराचे पडदे होते आणि ते कधी उघडत नसत. ते पडदे कोणी शिवले होते हे सांगायला नको. शिलाई घेतली नव्हती, घरातलंच काम म्हणून.

धाकटी चहा न घेता परतली. रस्त्यात इस्त्रीवालीने अडवलं. ती सगळ्या गल्लीची वकील.

"एवढं काय मनाला लावून घेतेस? येताना एक फांदी मोडून आण. कळणारसुद्धा नाही."

"तिच्या घरातून आणली की ती तिची झाली," धाकटी म्हणाली. "घरभर तिचंच आहे. एवढं एक तरी तिने दिलेलं नको."

"मग काय करणार?"

"तिच्याच हातांनी माझ्या दारात आणवणार. आणि घेताना आभार मानणार नाही."

आता सूड घ्यायचा तर सोपा रस्ता होता. अशा वेलीला रोज पाणी घातलं की महिन्याभरात मुळं कुजतात. थोरलीने विचारलं की एवढं सांगायचं, झालं. पण मग वेल मरणार, आणि धाकटीला वेल जिवंत हवी होती. मरायला पाहिजे होतं ते वेगळंच काहीतरी. ती मशीनवर बसून टाके घालत राहिली आणि थोरलीच्या फोनची वाट बघत राहिली. तो येणार याची तिला खात्री होती. बंद पडद्यांच्या आत ते रंग टिकणं शक्य नव्हतं.

फोन आला. आवाजात साखर इतकी की कानाला मुंग्या लागाव्यात.

"अगं, सहज विचारते हं. ती वेल हिरवीच पडत चाललीये. जांभळं काही दिसेना. खालची पानंही गळतायत. तू खत कुठलं घालत होतीस?"

"खत नाही हो ताई. उजेड." धाकटीने सुई पिनकुशनला टोचून ठेवली आणि आरामात बसली. "पट्टे उजेडावर असतात. पडदे सरकवा, दिवसभर उघडे ठेवा. आणि स्टँड खिडकीजवळ घ्या."

"पण सोफा..."

"तेही खरंच. राहू द्या मग. शेवटी झाड काय, गेलं तर गेलं. समोरच्या बाईंना सांगा, एका पानापासून दुसरी वाढवते म्हणून."

 थोरली म्हणाली, "नाही नाही, उघडते. थोडा वेळच."

"थोडा वेळ उपयोगाचा नाही. आणि शेंडे खुडत जा, नाहीतर बुडाशी टक्कल पडेल."

"खुडू? केवढी लांब झालीये, लोक बघत राहतात. तुझं आपलं काहीतरीच."

"तुमची इच्छा," धाकटी म्हणाली. सांगितलेलं सगळं खरं होतं. एक अक्षर खोटं नव्हतं. तिने सुई उचलली, आणि त्या दुपारी तिचे टाके इतके सरळ आले की दुकानमालकाने दोनदा चष्मा पुसून बघितलं.

पडदे उघडले. वेलीने पंधरवड्यात रंग धरला आणि मग जी सुटली ती सुटलीच. जांभळी, चंदेरी, खाली जमिनीवर लोळायला लागली. थोरली भेटेल त्याला घरी ओढून नेऊन दाखवायची. उन्हाळा चढत होता. त्या मोठ्या खिडकीतून ऊन सकाळपासून आत येऊन सोफ्यावर पाय पसरून बसायचं, पाहुण्यासारखं.

डाळिंबी मखमलीची एक खोड आहे. दुकानात ती सगळ्यांत देखणी दिसते आणि उन्हात सगळ्यांत आधी मान टाकते. आणखी एक गोष्ट फक्त पडदे शिवणाऱ्यांना माहीत असते: रंग सगळीकडून सारखा उतरला की घरच्यांना कळतच नाही. रोज बघणाऱ्या डोळ्यांना तो तसाच वाटतो. शेजारी मूळ रंग दिसला तरच काळीज धस्स होतं. आणि थोरलीच्या सोफ्यावर उशा होत्या, मोठ्या, भरतकामाच्या, बसल्या जागच्या कधी न हलणाऱ्या. त्या हलवायच्या नाहीत असा घरात नियम होता. मोठे दीरही उशी न हलवता, तिच्या बाजूला अंग चोरून बसायचे.

धाकटी अधूनमधून वर जाऊन यायची. वेलीच्या मातीत बोट घालून बघायची, "छान चाललंय ताई," म्हणायची, सोफ्याकडे एक नजर टाकायची आणि परत यायची. "तुला एवढं प्रेम त्यांच्याकडे जायचं कधीपासून?" नवऱ्याने विचारलं. "वेल बघायला जाते," ती म्हणाली. नवऱ्याने हुकाखाली बसून वर्तमानपत्र उघडलं.

शेवटी थोरलीने व्यायामाच्या वर्गातल्या मैत्रिणींना चहाला बोलावलं. धाकटीला निरोप आला: "मदतीला ये जरा." म्हणजे कप उचलायला. धाकटी नीट केस विंचरून, चांगले कपडे घालून गेली.

मैत्रिणी वेलीभोवती जमल्या. दातांची डॉक्टरीण त्यांच्यात होती. तिला कुठेही वाकून आत बघायची सवय. ती म्हणाली, "आमच्याकडे ही आठ दिवसांत मेली. तुम्ही करता काय?"

"सगळा अनुभव," थोरली म्हणाली. "पडदे दिवसभर उघडे ठेवायचे, स्टँड खिडकीजवळ. हे मला कोणी शिकवलं नाही हं, माझं मलाच सुचलं."

धाकटी दारात ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे ठेवला. तिच्या चेहऱ्यावर इतका अदबशीर भाव होता की तिच्या आईने तो पाहिला असता तर घाबरली असती.

"बसा ना डॉक्टर, उभ्या का? थांबा, जागा करते." आणि तिने मधली मोठी उशी दोन्ही हातांनी उचलून बाजूला केली.

सोफा फिकट, चहात दूध जास्त झाल्यासारखा. आणि त्याच्या मधोमध चौकोनी, काठ कापल्यासारखा स्पष्ट, गर्द डाळिंबी डाग. कोणीच बसलं नाही. डॉक्टरीण वाकली.

"अय्या, हा उशीचा फोटो काढलाय का?"

हसू आधी एकीच्या नाकातून बाहेर पडलं, मग सगळ्यांच्या. थोरलीने दुसरी उशी उचलली. तिथेही. तिसरी उचलायची तिची हिंमत झाली नाही. तिने धाकटीकडे बघितलं, आणि धाकटीने तिच्याकडे, सावकाश. आता थोरली काय बोलणार? हे हिने सांगितलं म्हणायचं, तर वेल कोणाची हेही सांगावं लागणार. माझं मलाच सुचलं, असं ती आत्ताच बोलून बसली होती. 

"साखर किती घालू ताई?" धाकटीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली उतार उतरून आली. निळी कुंडी छातीशी धरलेली, वेलीच्या फांद्या दोन्ही बाजूंनी गुडघ्यांपर्यंत लोंबताहेत. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली आणि कमरेवर हात दिले. धाकटीने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"तू मुद्दाम केलंस."

"खोटं काय सांगितलं ते सांगा."

"आमचे हे रात्रभर बोलले नाहीत माझ्याशी. तीस वर्षांत पहिल्यांदा." थोरलीचा आवाज जरा हलला. मग तिने तो सावरला, आणि मान ताठ करून, इस्त्रीवालीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "असो. मला तिचा कंटाळाच आलाय. टाकूनच देणार होते, म्हटलं, तुला होईल. कुंडीही ठेव. महागाची आहे."

धाकटीच्या कानशिलातली शीर उडली. एवढं सगळं करून वेल पुन्हा वरून खाली, दान म्हणून, दारात आली होती. आता हात पुढे केला की संपलं.

"थांबा तिथेच," ती म्हणाली.

आतून कापड कापायची मोठी कात्री घेऊन आली. थोरलीच्या हातातच कुंडी, आणि धाकटीने वेल कापायला सुरुवात केली. एकेक लांब फांदी, बुडापासून. थोरलीने शेंडे कधी खुडले नव्हते, त्यामुळे मातीजवळ नुसत्या काड्या होत्या, रंग सगळा खाली टोकांना. कात्री कच्च कच्च वाजत होती. थोरली "अगं, अगं" म्हणाली, पण दोन्ही हात अडकलेले. फांद्यांचा ढीग धाकटीच्या दंडावर साचला आणि कुंडीत उरले खुंट.

"ही कुंडी तुमची," धाकटी म्हणाली. "माती तुमची, मुळं तुमच्या घरात वाढलेली. सगळं घेऊन जा. काही ठेवत नाही मी तुमचं."

"एवढी कुठली मेली ऐट..."

"आणि फ्रिज पाहिजे असेल तर गाडी पाठवा."

थोरली उतार चढून गेली. महागाची कुंडी, त्यात टक्कल पडलेली काड्यांची जुडी. रस्ता तोच होता, पण त्या दिवशी तो तिला फार लांब वाटला असावा, कारण दर घराच्या दारात कोणी ना कोणी उभं होतं. "काय झालं हो?" असं प्रत्येक जण विचारत होता.

धाकटीने फांद्या जमिनीवर पसरल्या, विताविताचे तुकडे केले, खालची पानं काढली आणि जुन्या मातीच्या कुंडीत एकेक खोचत गेली, दाटीवाटीने. बोटं जांभळी झाली, खाज सुटली, तरी थांबली नाही. नवरा आला तेव्हा कुंडी हुकावर चढलेली होती. त्याने बऱ्याच दिवसांनी मान वर केली.

"वहिनींनी परत दिली वाटतं," तो म्हणाला.

"दिली नाही," धाकटी साबणाने हात घासत म्हणाली. "मी घेतली. आणि उद्यापासून पाणी तू घालायचंस. आधी बोट घालून बघायचं. आणि कोणी मागायला आलं तर काय म्हणायचं?"

 नवऱ्याने ओठ जुळवून बघितले, पुन्हा उघडले.

"नाही," तो म्हणाला.

"मोठ्याने."