रूळ टाकणाऱ्यांचा फोटो

"ह्या कुंड्या उचल. तुमच्या लोकांच्या हाताला सवय असती."

इतिहासाचे सर म्हणाले. सगळ्या वर्गासमोर. पोरं हसली. म्या कुंड्या उचलल्या.

उमरग्याच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी इतिहासाचं प्रदर्शन व्हतं. विषय, अमेरिका कशी मोठी झाली. पोलाद, रेल्वे, विजेचा दिवा, बोटी भरभरून आलेली परदेशी माणसं. रेल्वेचा तक्ता माझ्याकडं व्हता. त्यावर म्या चिनी मजुरांचा फोटो चिकटवला. डोंगर फोडून, बोगदे पाडून रूळ टाकणारे. खाली लिहिलं, की पुढं कायदा करून ह्यांच्याच भाऊबंदांना त्या देशाचं दार बंद केलं.

सकाळी सरांनी तो फोटो फाडला. प्रदर्शन भरभराटीचं हाय, रडगाणं नको, म्हणाले. वडाराच्या पोरीला खडीशिवाय दिसणार काय, असंबी म्हणाले. मग त्या कुंड्या.

माझी आई हायवेच्या कामावर खडी फोडायची. तिची लाज मला कधी वाटली न्हाय. कुंड्या मुकाट उचलल्या, त्याची वाटली. अजून वाटती.

दुपारी संस्थेचे अध्यक्ष आले. अमेरिका मोठ्या मालकांच्या डोक्यानं उभी राहिली, असं भाषण केलं. शेवटी कुणाला काही विचारायचंय का, म्हणाले. म्या उठले.

"रूळ कुणी टाकले, ते तुमी सांगितलं न्हाय."

सरांनी हातानं खाली बस म्हणून खुणावलं. बसले न्हाय.

अध्यक्ष हसले. "मजुरांनी टाकले, बाळ. पण डोकं मालकाचं होतं."

"दगड कुठं फुटंल हे घण मारायच्या आधी वळखावं लागतं, साहेब. त्याला डोकंच लागतं. माझ्या आईला हाय ते."

ह्या वेळी कुणी हसलं न्हाय.  

दुसऱ्या दिवशी सरांनी माफीनामा मागितला. कोरा कागद पुढं सरकवला. म्या तो कोराच परत दिला. त्यांच्या हातातल्या परीक्षेत त्यांनी मला नापास केलं. वर्ष गेलं. आई भिली, दोन दिवस माझ्याशी बोलली न्हाय.

आता त्याच विषयात एम.ए. करतीय. वस्त्या वस्त्या हिंडून, इथल्या रस्त्यांपायी ज्यांची हाडं झिजली त्यांची नावं लिहून घेतीय. ह्याला इतिहास म्हणत न्हाईत, असं अजून सांगतात मला.

म्हणू नका. आमी लिहिणार. तुमाला विचारून न्हाय.